भडक बातमी बहुधा अर्धवट असते

गडहिंग्लज तालुक्यातल्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे: घरात सासरे दिवसभर वृत्तवाहिनी लावून बसतात, पावसाळ्यात तर पुराच्या धास्तीनं रात्री धड झोपतही नाहीत. वर्गातली मुलं मोबाइलवरचा थंबनेल हीच बातमी समजून शाळेत येतात. पत्रकार हे मुद्दाम करतात, की त्यांचाही नाइलाज असतो? आणि आम्ही साध्या माणसांनी यावर करायचं तरी काय?

ताई, माझी उमेदीची वर्षं कोल्हापुरात बातम्यांच्या टेबलावर गेली. आधी तालुक्याचा वार्ताहर, मग उपसंपादक, पुढं जिल्ह्याची पानं, आणि मधली काही वर्षं एका वाहिनीच्या डेस्कवर. त्यामुळं उत्तर टेबलाच्या आतल्या बाजूनं देतो. मुद्दाम करणारे थोडे असतात. बाकीच्यांच्या हातून ते होऊन जातं, आणि का होतं हे समजल्याशिवाय उपाय सांगण्यात अर्थ नाही.

आधी एक घोळ निस्तरू. भडक बातमी वेगळी आणि खोटी बातमी वेगळी. खोटी बातमी पकडता येते, छापणाऱ्याला खुलासा करावा लागतो. भडक बातमीतला शब्दन्‌शब्द बरोबर असू शकतो. तिच्यात गाळलेलं असतं ते पुढचं-मागचं: किती, कुठं, किती वाजता, कोण म्हणालं, पुढं काय झालं. एवढं गाळलं की रिकामी जागा भरायला विशेषणं लागतात, ढणढण संगीत लागतं, लाल वर्तुळ आणि बाण लागतात. माझं मत असं आहे की भडकपणा हे बहुतेक वेळा अर्धवट सोडलेल्या कामाचं लक्षण असतं. म्हणून भांडायचंच असेल तर जे गाळलं त्यासाठी भांडावं.

तुमच्या सासऱ्यांच्या पुरापासूनच सुरुवात करू. दर पावसाळ्यात एक दिवस येतो आणि पडद्यावर लाल पट्टी झळकते: ‘राधानगरीचे दरवाजे उघडले, कोल्हापूरला महापुराचा धोका’. मागं तारीख-वेळ नसलेलं ड्रोनचं दृश्य. आता यातली माहिती तपासा. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. कुणा अधिकाऱ्यानं रात्रीत निर्णय घेऊन पाणी सोडलं, असा काही प्रकार तिथं नसतो. एका दरवाजातून साधारण १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी भोगावती नदीत येतं. सातही उघडले तर सुमारे दहा हजार. एक दरवाजा उघडणं आणि सात उघडणं यात केवढं अंतर आहे बघा, पण पट्टीवर दोन्ही वेळा वाक्य तेच.

शिवाय कोल्हापूर शहराजवळून वाहणारी पंचगंगा काही एकट्या भोगावतीची नाही. कुंभी, कासारी, तुळशी यांचंही पाणी तिला मिळतं. गगनबावड्याकडं पाऊस कसा आहे, कासारीच्या खोऱ्यात काय चाललंय, हे राधानगरीइतकंच महत्त्वाचं. शहराला धोका आहे की नाही हे कळतं कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पातळीवरून. तिथं ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ज्याचं घर नदीकाठी आहे त्याला तीन गोष्टी हव्यात: आत्ता किती फूट, हे मोजमाप किती वाजताचं, आणि पाणी चढतंय की उतरतंय. या तिन्ही गोष्टी एका ओळीत मावतात. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात त्या देत असतं. तरी त्या ओळीच्या जागी निवेदक ‘पंचगंगेनं रौद्र रूप धारण केलं’ म्हणतो, कारण ते वाक्य कुठल्याही नदीला, कुठल्याही तासाला आणि कुठल्याही वर्षी लावता येतं. फूट-इंच मात्र दर वेळी कुणाला तरी विचारूनच घ्यावे लागतात.

यात एक गोष्ट गंभीर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावं यांनी काय सोसलं ते इथं कुणाला सांगायला नको. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. त्यामुळं तुमच्या सासऱ्यांची भीती खोटी नाही, ती अनुभवातून आलेली आहे. वाहिनीवाला त्याच भीतीला हात घालतो, म्हणून मला हा प्रकार नुसता उथळ वाटत नाही, घातक वाटतो. ३४ फुटांना आरडाओरडा केला तर ४४ फुटांना कोणता आवाज काढणार? ज्या दिवशी खरंच जनावरं सोडवून वर न्यायची असतात, त्या दिवशी निम्मी गल्ली म्हणते, ‘हे रोजचंच आहे.’

कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचंही तसंच. महापूर आला की ‘अलमट्टीनं कोल्हापूर बुडवलं’ हा मथळा तयार असतो. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये अहवाल देताना अलमट्टीला जबाबदार धरलं नाही. दुसरीकडं धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायचा कर्नाटकचा आग्रह आहे आणि त्याला कोल्हापूर-सांगलीतून विरोध आहे. हा वाद खरा आहे, त्यात अभियंत्यांचे मतभेद आहेत, नद्यांच्या उतारापासून काठावरच्या अतिक्रमणांपर्यंत सगळं येतं. ‘बुडवलं’ या एका शब्दानं तो सगळा वाद संपवून टाकला जातो. आणि गंमत म्हणजे त्यामुळं विरोध करणाऱ्यांचीच बाजू लंगडी होते, कारण समोरचा समितीचा अहवाल काढून दाखवतो आणि मोकळा होतो.

‘पूर्वी असं नव्हतं’ हे वाक्य मी कट्ट्यावर बसलेल्या प्रत्येक ज्येष्ठाकडून ऐकलं आहे. त्यांना मी कोल्हापूरचंच १८८२ सालचं प्रकरण सांगतो. करवीरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा कारभारी माधवराव बर्वे छळ करतो, त्यांना वेडं ठरवायचा डाव आहे, असा आरोप करणारा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं छापला. आधार म्हणून जी पत्रं दाखवली गेली ती बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला केला, टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. लोक या गोष्टीतला त्याग सांगतात आणि पत्रांचा भाग पटकन उरकतात. मला मात्र पत्रांचाच भाग महत्त्वाचा वाटतो. कारण महाराजांबद्दलची काळजी अनाठायी नव्हती: पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरला नजरकैदेसारख्या अवस्थेत, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. प्रश्न खरा, पुरावा कच्चा. कच्च्या पुराव्यामुळं खरा प्रश्न कोर्टात हरला. एवढ्या मोठ्या माणसांच्या बाबतीत हे झालं, तर आज कुणाच्या तरी ग्रुपवरून आलेल्या ‘व्हायरल पत्रा’वर तासभर चर्चा रंगवणाऱ्यांचं काय सांगावं.

म्हणजे हा आजार जुना आहे. नवीन आहे ते त्यामागचं अर्थकारण, आणि ते तुम्ही समजून घ्या, कारण उपाय तिथंच दडलेला आहे.

वाहिनीची कमाई जाहिरातीवर, जाहिरात रेटिंगवर, आणि रेटिंग मोजणारी यंत्रं फार थोड्या घरांत. २०२० मध्ये देशभरात साधारण ४४ हजार घरांत बार्क या रेटिंग मोजणाऱ्या संस्थेची मीटरं होती. देश केवढा, मराठी प्रेक्षक किती आणि त्यातल्या बातम्या बघणाऱ्या घरांच्या वाट्याला किती मीटरं येणार, याचा अंदाज तुम्हीच करा. इतक्या लहान नमुन्यात चार-दोन घरांनी चॅनेल बदललं तरी आकडा हलतो. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण बाहेर आलं आणि वृत्तवाहिन्यांचं रेटिंग थांबवलं गेलं. ते पुन्हा सुरू व्हायला मार्च २०२२ उजाडला, आणि तेव्हापासून चार आठवड्यांची सरासरी देतात. चांगलं झालं, पण जो संपादक गुरुवारी आकडा बघून शुक्रवारी काय चालवायचं ते ठरवायला शिकला, त्याची सवय सरासरीनं मोडत नाही.

दुसरा हिशेब खर्चाचा. शाहूवाडीच्या एखाद्या वाडीवर रस्त्याअभावी बाळंतिणीला डोलीतून न्यावं लागतं, ही बातमी नीट करायची तर एक बातमीदार, एक कॅमेरामन, गाडी, दोन दिवस. उलट चार पाहुण्यांना चार चौकटीत बसवून भांडायला लावायचं तर खर्च जवळजवळ शून्य. तासभर भरतो. तालुक्याच्या पातळीवर तर बातमीदार हा पगारी माणूसच नसतो. तो स्ट्रिंगर. बातमीमागं किरकोळ पैसे, वर जाहिरात आणायची सक्ती, गावात दुकान किंवा शेती म्हणून चूल पेटते. त्याच्या मोबाइलवर पत्रकारांचे सात ग्रुप. एका ग्रुपवर अपघाताचा फोटो पडला की वरून फोन, ‘त्यांच्याकडं चाललंय, आपल्याकडं का नाही?’ या धंद्यात बातमी चुकली तर बोलणी बसतात. बातमी चुकीची गेली तर फारसं कुणी विचारत नाही. मराठीतल्या बहुतेक भडक बातम्या या एका फोनमधून जन्मतात असं मी म्हणेन.

वेबसाइटवर आणखी वेगळं. मथळा लिहिणारा मुंबईत किंवा पुण्यात बसलेला असतो, त्यानं पन्हाळा पाहिलेला असेलच असं नाही. त्याच्यासमोर क्लिकचा आकडा क्षणाक्षणाला बदलत असतो. ‘नेचर ह्युमन बिहेवियर’ या नियतकालिकात २०२३ मध्ये एक अभ्यास आला. एका संकेतस्थळानं एकाच बातमीला वेगवेगळे मथळे देऊन घेतलेल्या चाचण्यांची ती आकडेवारी होती. मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. फेसबुकच्या यंत्रणेत २०१७ पासून काही काळ रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं, हेही पुढं उघड झालं. म्हणजे ‘हादरलं’, ‘थरार’, ‘खळबळ’ हे शब्द उपसंपादकाच्या आवडीतून येत नाहीत. ते बक्षिसाचे शब्द आहेत.

गुन्ह्याच्या बातम्यांवर जरा थांबतो, कारण इथं भडकपणाची किंमत कुणीतरी जन्मभर मोजतं. पोलिसांकडून पहिल्या दिवशी जे कळतं तो संशय असतो. ‘अनैतिक संबंधातून खून’ हा मथळा त्या संशयावर उभा राहतो. तपासात कारण वेगळं निघालं तर त्याची बातमी आतल्या पानावर, तीही निघाली तर. मेलेल्या बाईचं नाव मात्र गावात कायमचं खराब झालेलं असतं. सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वार्तांकनाबद्दल जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला. त्यात माध्यमांनी समांतर खटला चालवण्याबद्दल कडक शब्द आहेत आणि काय टाळावं याच्या सूचनाही आहेत. त्या किती डेस्कवर छापून लावल्या आहेत, हा प्रश्न विचारू नका.

आणि मोठ्या शहरातल्या नियमाचा लहान गावात कसा बट्ट्याबोळ होतो ते बघा. पीडित मुलीचं नाव द्यायचं नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. मग बातमी अशी येते: अमुक वाडीतल्या, अमुक शाळेत आठवीत शिकणाऱ्या, रिक्षाचालकाच्या मुलीवर. दोन हजार वस्तीच्या गावात आता नाव द्यायची गरज उरली का? मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं कलम २३ नुसत्या नावापुरतं नाही. पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार, ओळख पटेल असा कुठलाही तपशील त्यात येतो. शिक्षिका म्हणून तुम्ही हे कलम लक्षात ठेवाच. शाळेचं नाव आलेली अशी बातमी दिसली तर त्याच दिवशी संपादकाला फोन करा, वेबवरची बातमी दुरुस्त व्हायला अर्धा तास पुरतो. आत्महत्येच्या बातमीबद्दल वर्तमानपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली: पहिल्या पानावर ठळक छापू नका, पद्धत सांगू नका, एकच कारण चिकटवू नका. परीक्षेच्या निकालाच्या आठवड्यात ही तत्त्वं कशी पायदळी तुडवली जातात हे तुम्ही पाहतच असाल. बातमीखाली टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापायला एक ओळ लागते.

शेतीच्या बातम्यांत भडकपणा दुसऱ्या वाटेनं येतो. आपल्याकडं ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे जयसिंगपूरची ऊस परिषद, मग आंदोलन, मग ‘ऊसदराचा प्रश्न पेटला’. पडद्यावर जळणारा टायर आणि अडवलेली ट्रॅक्टर-ट्रॉली. पेटला हे खरंच आहे, टायर खरोखर जळतोय. पण शेतकऱ्याला काय कळलं? २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा किमान दर, क्विंटलमागं ३५५ रुपये ठरला, म्हणजे टनाला ३,५५०. आपल्या भागातला उतारा बहुधा त्याहून जास्त, त्याचा वाढीव दर वेगळा. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते आणि ती कारखान्यागणिक बदलते. पैसे १४ दिवसांत द्यायचे असा नियम, नाहीतर १५ टक्के व्याज. एफआरपी तुकड्यांत द्यायची मुभा देणारा राज्य सरकारचा २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये रद्द केला. या सगळ्यातून माझ्या खात्यावर कधी आणि किती, हे सांगणाऱ्या बातमीत ज्वाळा नसतात. ती करायला कारखान्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडावे लागतात आणि कारखान्यांच्या जाहिराती कुठल्या पानांवर येतात हे सांगायची गरज नाही. टायरचा व्हिडिओ कुणालाच दुखावत नाही. भडक बातमी धाडसी दिसते, पण पुष्कळदा ती सगळ्यात सुरक्षित बातमी असते.

दंगलीच्या दिवशी हेच सगळं शंभरपट धोकादायक होतं. जून २०२३ मध्ये काही आक्षेपार्ह स्टेटसवरून ७ तारखेला कोल्हापुरात बंद, जमाव, दगडफेक, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद ठेवावं लागलं. शाहू महाराजांच्या गावात असं झालं याचं दुःख मला आहेच, पण इथं तांत्रिक मुद्दा सांगतो. अशा दिवशी काही सेकंदांची दृश्यं दिवसभर फिरवली जातात. दुपारी दोनला शांत झालेला चौक संध्याकाळी सातला पडद्यावर पुन्हा पेटलेला असतो, आणि सात वाजता ते बघणारा पोरगा घरातून बाहेर पडतो. दृश्यावर वेळ आणि ठिकाण छापणं, एवढ्या एका शिस्तीनं निम्मं नुकसान टळेल. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं, तेव्हा अफवा फिरत होती ती व्हॉट्सअ‍ॅपवर. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच जणांना पुढं पाठवायची मर्यादा आणली. म्हणजे अशा गोष्टींना यंत्रात आळा घालता येतो, पण बहुतेक वेळा माणसं मेल्यावर.

थेट प्रक्षेपणाचं आणखी एक. २६/११ च्या अनुभवानंतर दहशतवादविरोधी कारवाई थेट दाखवण्यावर २०१५ पासून नियमानं बंदी आहे. गवा किंवा बिबट्या वस्तीत शिरला तर असा नियम नाही. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला, बघ्यांच्या झुंडी मागं लागल्या आणि शेवटी बिचारं जनावर मेलं. आपल्या शहराच्या वेशीवरही गवे येतात. ‘आत्ता तो अमुक कॉलनीच्या मागं आहे’ असं लाइव्ह सांगणारा प्रत्येक जण वनखात्याच्या कामात दोनशे माणसांची भर घालतो. त्यात आता एआयनं बनवलेले बिबट्यांचे व्हिडिओ आले आहेत. तेही काही ठिकाणी बातमी म्हणून चालतात.

आता करायचं काय. आधी काय करू नये ते सांगतो. ‘आम्ही बातम्या बघणंच सोडलं’ असं हल्ली शिकलेली माणसं अभिमानानं सांगतात. सोडा खुशाल, पण मग ग्रामपंचायतीचा ठराव, पूरग्रस्तांच्या यादीतली नावं, पाणीपट्टी हे तुम्हाला कोण सांगणार? दुसरं, ‘सरकारनं यांना सरळ करावं’ असं म्हणणाऱ्यांनी विचार करावा की उद्या पूरभरपाईच्या यादीतला घोळ छापणारा वार्ताहर त्याच हाताखाली सापडेल. मला भडक वाहिनी परवडते, गप्प केलेला पेपर परवडत नाही.

सासऱ्यांसाठी: टीव्ही बंद करायला सांगू नका, भांडण होईल. वेळ ठरवून घ्या. आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या दहा मिनिटांत संपतात आणि त्यात कुणी ओरडत नाही. पावसाळ्यात त्यांच्याच हाती एक वही द्या. सकाळ-संध्याकाळ राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि वेळ लिहायची, तुमच्याकडं हिरण्यकेशीची लिहायची. दोन आठवड्यांत ते स्वतःच निवेदकाच्या चुका काढायला लागतील. आकडा हाती असलेल्या माणसाला घाबरवणं अवघड जातं.

मुलांसाठी: एकाच घटनेच्या तीन पेपरमधल्या बातम्या आणा. आकडा, ठिकाण, वेळ आणि सांगणाऱ्याचं नाव याखाली निळी रेघ, विशेषणाखाली तांबडी. एवढंच करू द्या, भाषण नको. पुढचा भाग महिन्यानंतर: जूनमध्ये ‘प्रचंड खळबळ’ असलेली एक बातमी कापून भिंतीवर चिकटवा आणि जुलैत मुलांना शोधायला लावा, तिचं पुढं काय झालं. बहुतेक वेळा काही सापडणार नाही. पाठपुरावा नसणं म्हणजे काय ते मुलांना यातून जितकं कळतं तितकं माझ्या व्याख्यानातून कळत नाही. यूट्यूबवरचा थंबनेल आणि आतला व्हिडिओ यांची जुळणीही अशीच करून घ्या. आठवीची मुलं यात मोठ्यांपेक्षा तरबेज निघतात.

आणि तुमच्यासाठी, म्हणजे वाचकासाठी: तक्रार करा, पण नेमकी. ‘तुम्ही विकले गेलात’ असा ईमेल डेस्कवर कुणी पुरता वाचतही नाही. तारीख, पान, मथळा, काय चुकलं आणि बरोबर काय आहे, असं पत्र आलं की ते बातमीदाराच्या पुढ्यात जातं, त्याला उत्तर द्यावं लागतं. एकाच बातमीवर अशी तीन पत्रं आली की सकाळच्या बैठकीत विषय निघतो. हे मी बैठकीच्या आतून पाहिलेलं आहे. आपली गंमत अशी की आपण कोपऱ्यावर दोन तास पेपरला शिव्या घालू, पण चार ओळी लिहिणार नाही.

वरच्या दारांची माहितीही असू द्या. वर्तमानपत्राविरुद्ध प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया आहे. आधी संपादकाला लिहायचं, समाधान झालं नाही तर कौन्सिलकडं, दैनिकाच्या बाबतीत मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत. कौन्सिल दंड करू शकत नाही, समज देते, ताशेरे ओढते. वाहिनीविरुद्ध आधी वाहिनीकडंच तक्रार, तीही प्रसारणापासून सात दिवसांत. दाद मिळाली नाही तर, वाहिनी वृत्तवाहिन्यांच्या संघटनेची सदस्य असेल तर, त्या संघटनेच्या न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स ऑथॉरिटीकडं. तिचा दंड जास्तीत जास्त एक लाख. वाहिन्यांनी स्वतःवर घातलेला हा लगाम सैल आहे, असं सर्वोच्च न्यायालयानंच ऑगस्ट २०२३ मध्ये बोलून दाखवलं, आणि तासाभराच्या जाहिरातीच्या कमाईपुढं एक लाखाची काय मातब्बरी. तरी मी तक्रार करा म्हणतो, कारण दंडापेक्षा ‘माफी दाखवा, व्हिडिओ काढून टाका’ हा आदेश वाहिनीला झोंबतो. डिजिटल माध्यमांना २०२१ च्या नियमांप्रमाणं तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्यानं १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

उरले बूम, म्हणजे चॅनेलचा माइक, घेऊन फिरणारे एकटे-दुकटे चॅनेलवाले. त्यांच्याबद्दल माझं मत इतरांसारखं एकतर्फी नाही. तहसील कचेरीत बूम पुढं करून पाकीट मागणारे त्यात आहेत, त्यांच्याविरुद्ध सरळ पोलिसांत जावं. पण ज्या वाडीच्या रस्त्याला मोठ्या पेपरात कधीच जागा मिळाली नाही, तो रस्ता यांच्यातल्याच कुणीतरी दाखवला, हेही मी पाहिलं आहे. तुमच्या भागात असा एखादा नीट काम करणारा असेल तर त्याला ओळखा, माहिती द्या, चुकला तर फोन करून सांगा. पैसे देणं शक्य असेल तर द्या. फुकटच्या बातमीचे पैसे दुसरा कोणीतरी भरत असतो आणि मग मथळा त्याच्या सोयीचा होतो.

तक्रारीचा नमुना हवा असेल तर असा लिहा, याहून लांब नको: ‘आपल्या अमुक तारखेच्या अंकात पान ३ वर “पंचगंगा धोका पातळीवर” असा मथळा आहे. त्याच बातमीत सकाळी सहाची पातळी ३९ फूट ४ इंच दिली आहे. राजाराम बंधाऱ्यावरील धोका पातळी ४३ फूट आहे, ३९ फूट ही इशारा पातळी आहे. कृपया याच पानावर दुरुस्ती छापावी आणि वेब आवृत्तीचा मथळा बदलावा.’ खाली नाव, गाव, फोन. कात्रण जोडा आणि पत्राची एक प्रत स्वतःकडं ठेवा, कारण पुढं कौन्सिलकडं जायची वेळ आली तर संपादकाला काय लिहिलं होतं ते तिथं दाखवावं लागतं.